पहार, ड्रिल की उपग्रहचित्र: पहिल्या बर्फावर भरवसा कशाचा?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तळी नुकती गोठली की मासेमारीला निघणाऱ्यांपुढे प्रश्न असतो: बर्फ तपासायला आधी काय घ्यावं? आमचं ठाम उत्तर, पहार.

पहिला बर्फ सगळीकडे सारखा नसतो. किनाऱ्यालगत 5 इंच असेल, आणि ओढा मिळतो तिथे, झऱ्यावर किंवा चिंचोळ्या पाण्यात जेमतेम 2. ड्रिल एका भोकापुरतं खरं सांगतं. पहार प्रत्येक पावलाआधी सांगते.

पहार साधारण पाच फुटी, छिन्नीसारख्या धारेची घ्या. तिची दोरी मनगटात अडकवा. ओल्या हातमोज्यातून निसटली तर थेट तळ गाठते. पुढे पाऊल टाकायच्या जागी दोन जोरदार घाव घाला. पक्का बर्फ घट्ट ‘ठक्’ वाजतो. आवाज पोकळ आला किंवा पाणी वर आलं, तर तिथेच थांबा आणि आलेल्या वाटेनेच, पाय न उचलता घसटत मागे फिरा. पहारेची मुख्य उणीव म्हणजे ती जाडीचा आकडा देत नाही. शिवाय हात दमला की घाव हलका पडतो आणि पातळ बर्फही मजबूत वाटायला लागतो.

आकड्यासाठी ड्रिल. घरचं बॅटरीवरचं ड्रिल आणि लाकडाला भोक पाडायचं पाऊण इंचाच्या आतलं लांब, पिळाचं पातं पुरतं. पीळ हवाच, कारण तो चुरा वर काढतो. नाहीतर पातं भोकातच अडकतं. मग मोजायच्या टेपच्या टोकाचा हूक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवून मोजा. राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग चालण्यासाठी किमान 4 इंच नवा, पारदर्शक बर्फ सांगतो आणि दर 150 फुटांवर मोजायला सांगतो. पांढरा बर्फ असेल तर दुप्पट जाडी धरा. दोन थरांच्या मध्ये पाणी लागलं, तर दोन्हींची बेरीज करू नका.

उपग्रहचित्रं फुकट आहेत, पण त्यांचं काम घरी बसून तळं निवडण्यापुरतं. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाच्या चित्रात 10 मीटरपर्यंतचा तपशील दिसतो, म्हणून कुठलं तळं कधी झाकलं, मोकळं पाणी कुठे उरलंय हे कळतं. उथळ अप्पर रेड लेक हे तळं त्याहून खोल मिल लॅक्स तळ्याच्या आधी गोठतं, कारण खोल तळ्यातलं सगळं पाणी 4 अंश सेल्सिअसपर्यंत उतरायला वेळ लागतो. चित्रातून जाडी मात्र कळत नाही, ढग आले तर काहीच नाही. मोठा फसवा भाग वेगळाच: स्वच्छ काळा बर्फ वरून पाण्यासारखाच काळा दिसतो, आणि हिमाने झाकलेला पातळ बर्फ छान पांढराशुभ्र. शिवाय तेच हिम गोधडीसारखं थंडी अडवतं, बर्फाची वाढ मंदावते.

तेव्हा पैसे मोजकेच असतील तर पहार, मग पातं. यांतलं काहीही घेतलंत तरी लाइफ जॅकेट अंगावर आणि बर्फात रोवून वर यायचे दोन टोचे गळ्यात हवेत, खिशात किंवा बॅगेत नव्हे.