फोंतेन्हास की म्हापशाचा बाजार?

गोव्यात खरेदी कुठे करावी? पणजीत फोंतेन्हास या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत शिरलात की जुन्या पोर्तुगीज घरांतच गॅलऱ्या आणि बुटिक भेटतात. इथे घ्यावं ते आझुलेजो, म्हणजे पांढऱ्या झिलईवर निळ्या रंगाची टाइल. हाताने रंगवलेली असेल तर रेघेची जाडी कमी-जास्त होते, निळा रंग कुठे गडद, कुठे फिका दिसतो. छापील टाइल जवळून पाहिली तर बारीक ठिपके दिसतात. दुकानदाराला सरळ विचारा, कुणी रंगवली? चांगल्या ठिकाणी चित्रकाराचं नाव सांगतात. घासाघीस मात्र इथे शोभत नाही, आणि किंमत ऐकून पोटात गोळा येतोच.

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार म्हणजे वेगळंच प्रकरण. मातीची भांडी, टोपल्या, चवरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज), मसाले. भाव पाडून घ्या, पण सकाळीच गाठा. शोभेच्या वस्तू आहेत, पण त्यातल्या बऱ्याच बाहेरगावच्या.

घरच्या वापराची खरेदी असेल तर मी म्हापशालाच जाईन. भिंतीवर वर्षानुवर्षं टांगायची वस्तू हवी तर फोंतेन्हास, तेही एकच टाइल. कुणबी साडी, म्हणजे गोव्याची पारंपरिक चौकडीची साडी, हवी असेल तर मात्र हातमागाची आहे का, हे दोन्हीकडे विचारा.