ड्युटी ऑफ केअरचा रेकॉर्डेड कोर्स: अर्धा झकास, अर्धा जुना

टॉर्टच्या (करार नसतानाही झालेल्या नुकसानाची भरपाई मागायचा कायदा) पेपरसाठी ड्युटी ऑफ केअरचा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून काळजी घ्यायच्या कायदेशीर जबाबदारीचा, हा ऑनलाईन कोर्स घेतला. पहिलं लेक्चर खरंच भारी आहे, डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन ही केस, १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेझलीच्या कॅफेत एका बाईला मैत्रिणीने घेऊन दिलेली जिंजर बीअर, बाटली गडद काचेची म्हणून आतलं काही दिसेना, अर्धी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली तर म्हणे सडलेली गोगलगाय! आता बिल मैत्रिणीने भरलेलं, म्हणजे करार नाहीच, मग कंपनीवर दावा लावायचा कशावर? इथून सर १९३२ च्या निकालावर आणि त्यातल्या न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅटकिनच्या ‘शेजारी’वर येतात, शेजारी म्हणजे बाजूच्या घरातला नाही तर माझ्या कृतीची थेट झळ ज्याला बसेल हे मला आधीच सुचायला हवं असा कुणीही. निकाल ३ विरुद्ध २ ने लागलेला हे मला माहीतच नव्हतं.

पण पुढे घोळ आहे. १९९० च्या कपारो केसची तीन टप्प्यांची टेस्ट (नुकसान आधी ओळखता आलं असतं का, दोघांत जवळचा संबंध होता का, जबाबदारी लादणं न्याय्य आहे का) प्रत्येक प्रॉब्लेमला लावायला शिकवतात, अहो २०१८ च्या रॉबिन्सन केसमध्ये यूकेच्या सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आधी जुने निकाल बघा, प्रश्न खरोखर नवा असेल तरच पुढचा विचार. मी सरांनी शिकवलं तसंच लिहून मार्क घालवले. नोट्स मात्र सुटसुटीत आहेत. ३ स्टार.