‘मोजून दिलेला’ ग्रिपर घेताना माझी फसवणूक कशी झाली

हातातला ग्रिपर (पकड वाढवण्यासाठी मुठीत दाबायचं दोन हँडलचं स्प्रिंगचं साधन) सहज क्लोज व्हायला, म्हणजे हँडल एकमेकांना टेकेपर्यंत मिटायला लागलाय आणि पुढचा कोणता घ्यावा याचा शोध चालू आहे, असं असेल तर हे नीट वाचा. मला ज्याने फसवलं तो विक्रेता नेमक्या याच टप्प्यावरच्या लोकांना गाठतो. नवशिक्याला आकड्यांचं फारसं काही नसतं. पण १ नंबर (नंबर वाढतो तसा ग्रिपर जड होतो) पाच-सहा वेळा सलग क्लोज होतोय आणि २ नंबरची हँडल टेकायला बोटभर अंतर राहतंय, अशा माणसाला मधली पायरी हवीच असते, आणि ती अचूक हवी असते. या अचूकपणाच्या नावाखालीच तो खोटा माल विकतो.

ही गरज खरी आहे, हे आधी सांगतो. आयर्नमाइंड कंपनीच्या कॅप्टन्स ऑफ क्रश या ग्रिपरच्या मालिकेत १ नंबरचा जोर १४० पौंड सांगितला जातो, २ नंबरचा १९५, ३ नंबरचा २८० आणि ४ नंबरचा ३६५. एका पायरीवरून दुसरीवर जायला कित्येकांना वर्ष-वर्ष लागतं. ३ नंबर अधिकृतपणे क्लोज करणारे पहिले रिचर्ड सोरिन, १९९१ साली. ४ नंबरला पहिलं नाव लागलं जो किनी यांचं, १९९८ साली. एवढ्या उंच पायऱ्या आहेत म्हणून कंपनीने पुढे १.५, २.५, ३.५ असे मधले नंबरही आणले. तरीही दोन नंबरांमध्ये पाय ठेवायला जागा हवी असते, आणि ती शोधताना माणूस छापील आकडे सोडून मोजलेल्या आकड्यांकडे वळतो.

छापील पौंड हे वेगवेगळ्या कंपन्यांचे ग्रिपर शेजारी ठेवून तुलना करायच्या कामाचे नाहीत. एका कंपनीचे २०० आणि दुसरीचे २०० यांचा आपसात काही संबंध नसतो. म्हणून या छंदातल्या लोकांनी स्वतःची मोजणी रूढ केली. तिला रेडनेक ग्रिपर कॅलिब्रेशन म्हणतात, बोलताना नुसतं आरजीसी. ग्रिपरचं एक हँडल व्हाइसमध्ये (वस्तू धरून ठेवणाऱ्या शिकंज्यात) घट्ट पकडायचं, दुसऱ्याच्या अगदी खालच्या टोकाला पट्टा अडकवायचा आणि हँडल एकमेकांना टेकेपर्यंत त्याला वजन टांगत जायचं. टेकताना जेवढं वजन लागलं तो त्या नगाचा आकडा. असं मोजलं की कॅप्टन्स ऑफ क्रशचा १ नंबर साधारण ८० पौंडांच्या आसपास येतो, २ नंबर शंभराच्या थोडा वर, ३ नंबर दीडशेच्या जवळपास. एकाच नंबरच्या दोन नगांतही काही पौंडांचा फरक निघतो.

त्याचं कारण स्प्रिंगमध्ये आहे. पीळ घेणाऱ्या स्प्रिंगचा ताठरपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर ठरतो. तार फक्त ५ टक्क्यांनी बारीक असली तरी जोर सुमारे १९ टक्क्यांनी उतरतो. ६ मिलिमीटरच्या तारेत ५ टक्के म्हणजे ०.३ मिलिमीटर. हा फरक फोटोत तर सोडाच, हातात घेऊनही डोळ्यांना कळत नाही. म्हणून मोजलेला नग घेण्यात शहाणपणच आहे. फक्त मोजलं कुणी आणि कसं, हे खरेदीच्या वेळी आपल्याला दिसत नाही.

माझ्याकडचा १ नंबर आरजीसीप्रमाणे ७८ भरला होता. मला नव्वदीच्या आसपासचा नग हवा होता. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे असे ग्रिपर दिसले: प्रत्येकासोबत छापील कार्ड, कार्डावर त्या नगाचा आकडा, आणि व्हाइसमध्ये लावून वजन टांगलेला फोटो. माणूस बोलायला अत्यंत नम्र. माझा सराव कसा चालतो, हाताची लांबी किती, ग्रिपर बोटांत बसवताना किती मिटवून घेतो, सगळं विचारलं. शेवटी म्हणाला, “सर, तुमच्यासाठी ९२ चा नग बाजूला ठेवतो.” इतके नेमके प्रश्न विचारणारा माणूस जाणकार वाटतो, आणि तो जाणकार होताच. फसवायलाही विषय माहीत असावा लागतो.

नग आला. पहिल्या दिवशी तो खरोखर जड वाटला. हँडलमधलं उघडं अंतर ७० मिलिमीटर होतं, माझ्या जुन्या ग्रिपरपेक्षा बरंच जास्त. इथे एक बारकावा आहे. आरजीसीचा आकडा फक्त टेकण्याच्या क्षणाचा जोर सांगतो. बोटं किती लांबून आत आणायची हे सांगत नाही. रुंद उघडलेला ग्रिपर मध्यम हाताला आकड्यापेक्षा जड भासतो, कारण बोटांची शेवटची पेरं हँडलवर पोचायलाच झगडतात. नर्लिंगही (पकड घसरू नये म्हणून हँडलवर कोरलेल्या खाचा) इतकं खरखरीत होतं की तळवा सोलून निघाला. त्यामुळे हातात धरल्यावर ९२ वर शंका यायला जागाच नव्हती.

मग तो हलका होत गेला. आठवड्यागणिक फरक जाणवत होता आणि साहजिकच मला आनंद होत होता. नोंदवहीत मी उघडं अंतरही लिहितो. ते ७० वरून ६६ वर आलं, मग ६४ वर. विक्रेत्याला विचारलं तर उत्तर तयार होतं: “सर, स्प्रिंग सीझन होतेय. प्रत्येक ग्रिपरचं होतं. शिवाय तुमची पकडही वाढलीय ना!” यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. चांगली स्प्रिंगही सुरुवातीला किंचित बसते आणि मग थांबते. नीट उष्णता-प्रक्रिया न झालेली स्प्रिंग बसतच राहते, तिला कायमचा बाक येतो. ग्रिपर पूर्ण उघडा असताना स्प्रिंगवर ताण नसतो, त्यामुळे उघडं अंतर जितके टक्के घटतं साधारण तितकेच टक्के टेकतानाचा जोरही घटतो. ७० चे ६४ म्हणजे आठ-नऊ टक्के गेले. आणि हे गेलेले टक्के तुम्ही स्वतःची प्रगती म्हणून वहीत लिहीत असता. मला सगळ्यात जास्त चीड याच गोष्टीची आहे. पैसे गेल्याचं दुःख काही दिवसांत ओसरतं. पण घाम गाळून केलेल्या सरावाच्या नोंदीच खोट्या निघाल्या तर पुढचं नियोजन कशावर करायचं?

त्याने लगेच पुढचा नग सुचवला, कार्डावर १०८. मी तोही घेतला, आणि काही आठवड्यांत तोही टेकला. १०८ म्हणजे नेहमीच्या २ नंबरपेक्षा वरचा आकडा. मग एका ओळखीच्या माणसाकडचा अस्सल २ नंबर हातात घेतला, तर हँडलमध्ये अंगठ्याएवढी फट राहिली. पुन्हा जोर लावला, तर कोपराच्या आतल्या बाजूला कळ आली आणि ती बरेच दिवस गेली नाही. स्नायू लवकर तयार होतात, टेंडन (स्नायू हाडाला जोडणारे दोर) मागे राहतात. खोट्या आकड्यावर विश्वासून खऱ्या ग्रिपरवर झेपावणाऱ्याला हा धोका असतोच.

त्याच माणसाकडे व्हाइस होता. पट्टा आणि वजनाच्या प्लेट घेऊन आम्ही सगळे नग मोजले. माझा जुना १ नंबर पूर्वीसारखाच ७८. कार्डावर ९२ असलेला ७१. म्हणजे पुढची पायरी म्हणून घेतलेला ग्रिपर माझ्या आधीच्या ग्रिपरच्याही खालचा होता. १०८ चा भरला ८४.

स्प्रिंग बसली हे धरूनही एवढा फरक का, याचं उत्तर विक्रेत्याच्याच फोटोत सापडलं. फोटो मोठा करून पाहिला तर पट्टा हँडलच्या टोकाला नव्हताच, बराच वर होता. हा साधा तरफेचा हिशेब आहे. स्प्रिंगच्या जितकं जवळ वजन टांगाल तितकं ते जास्त लागतं. टोकापर्यंतच्या अंतराचा सहावा भाग पट्टा वर सरकवला की आकडा २० टक्क्यांनी फुगतो. खरे ७७ असतील तर कार्डावर ९२ येतात, वजनाच्या प्लेट खऱ्या असूनही. शिवाय तो फोटो माझ्या नगाचा नव्हता. त्यातल्या स्प्रिंगच्या वेटोळ्यावर एक ओरखडा होता, माझ्या स्प्रिंगवर नव्हता. पुढे दुसऱ्या एका ग्राहकाकडे हाच ओरखड्याचा फोटो वेगळ्या आकड्यासह मिळाला. पैसे परत मागितल्यावर विक्रेत्याचं उत्तर एका ओळीचं होतं: वापरलेला माल परत घेतला जात नाही. त्यानंतर त्याने बोलणं बंद केलं.

मोजलेला ग्रिपर घेत असाल तर फोटोवर समाधान मानू नका, व्हिडिओ मागा. त्यात पट्टा कुठे आहे ते स्पष्ट दिसलं पाहिजे, वजन टप्प्याटप्प्याने वाढताना आणि हँडल टेकताना दिसलं पाहिजे, आणि कॅमेरा न थांबता त्याच नगाची एखादी खूण किंवा तुमचं नाव लिहिलेली चिठ्ठी दिसली पाहिजे. खरा मोजणारा याला कंटाळत नाही. उलट पट्टा किती रुंद वापरतो हेही तो आपणहून सांगतो. टाळाटाळ झाली तर सरळ अस्सल १.५ घ्या. मोजलेला नसला तरी तो १ आणि २ च्या मध्ये नक्की बसतो, आणि पुढे कधीही स्वतः मोजता येतो.

डायल फिरवून जोर बदलणाऱ्या प्लॅस्टिकच्या ग्रिपरबद्दलही लोक विचारतात. गरम होण्यासाठी, जास्त रिपिटेशनसाठी ते चांगले आहेत. पण त्यावरचे किलो पुढची पायरी ठरवण्यासाठी वापरू नका; ते कुठे आणि कसे मोजले हे डब्यावर लिहिलेलं नसतं.

ग्रिपर हातात आल्यावर पहिलं क्लोज करण्याआधीच उघडं अंतर कॅलिपरने मोजून तारखेसह लिहा. पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ ठेवा. शक्य असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत व्हाइसवर मोजून घ्या. प्लेट जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा आणि चेहरा बाजूला ठेवा, कारण पट्टा निसटला तर हँडल जोरात उसळतं. पहिल्या दोन आठवड्यांत अंतर पुन्हा पुन्हा मोजा. घट थांबली तर ठीक. थांबली नाही तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा, सोबत दोन्ही मोजमापं आणि व्हिडिओ जोडा. माझ्याकडे पहिल्या दिवसाचं अंतर लिहिलेलं होतं, म्हणून पैसे देण्याच्या सेवेने माझी बाजू ऐकली आणि दुसऱ्या नगाची रक्कम परत मिळाली. पहिल्याची मुदत उलटून गेली होती.