सोळा महिने, दोन पावसाळे: कोकणातल्या रानवाटांवर एक्सपल्स २०० फोर-व्ही

मे २०२४ मध्ये हिरोची ही मोटरसायकल, एक्सपल्स २०० फोर-व्ही, घेतली. मीटरवर आता साडेअकरा हजार किलोमीटर आहेत. त्यातले निम्मे तरी देवरूख-संगमेश्वर पट्ट्यातल्या पाणंदी, पाखाड्या (चिऱ्यांच्या पायरीवाटा), काजूच्या बागा आणि पऱ्यांमधले, म्हणजे ओढ्यांमधले. पहिल्याच महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं. दोन पावसाळे काढल्यावर सांगण्यासारखं बरंच साठलंय. लडाखला जाणाऱ्याला यातलं थोडंच उपयोगी पडेल. हे आहे जांभ्यावर, लाल चिखलात आणि शेवाळात गाडी घालू पाहणाऱ्यासाठी.

गाडी बघायला येणारा प्रत्येक जण आधी सीसी विचारतो. मी म्हणतो, आधी वजन विचार. मी शोधत होतो तेव्हा समोर तीन वाटा होत्या. एक, रॉयल एन्फिल्डची हिमालयन. जुनी ४११ असो की नवी ४५०, दोन्ही दोनशे किलोच्या घरात. हायवेला आणि घाटाला राजा गाडी, पण पाखाडीवर आडवी झाली तर एकट्याचं काम नाही. दुसरी वाट बाहेरून येणाऱ्या खऱ्या एंड्युरो गाड्यांची, म्हणजे रानातल्या शर्यतीसाठीच बनवलेल्या, वजन १०५-११० किलो. त्यांना नंबर प्लेट मिळत नाही, घरापासून रानापर्यंत पिकअपमध्ये घालून न्यावं लागतं आणि किंमत चारचाकीची. तिसरी ही, एक्सपल्स. जवळपास १६० किलो, १९९.६ सीसी, ताकद १९ पीएसच्या (हॉर्सपॉवरच्या) आसपास, पुढे २१ आणि मागे १८ इंची तारांची चाकं, शोरूम किंमत दीड लाखाच्या आतबाहेर. कावासाकीची केएलएक्स २३० त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आली, १३९ किलोची. ती तेव्हा असती तर विचार नक्की केला असता, पण सुरुवातीची तिची ३.३० लाख किंमत माझ्या खिशाला झेपणारी नव्हती.

एक्सपल्समध्येही साधी की प्रो (तिचीच उंच आवृत्ती), यावर मी पंधरा दिवस घालवले. प्रोचं पुढचं सस्पेन्शन २५० मिलिमीटर खेळतं, साधीचं १९०. कागदावर प्रोच सरस. पण प्रोची सीट ८९१ मिलिमीटर उंच, साधीची ८२५, आणि माझी उंची पाच फूट पाच इंच. आमच्या रानात उड्या मारायच्या जागा कमी. दर पन्नास पावलांवर गाडी थांबवून एक पाय दगडावर टेकायच्या जागाच जास्त. पाय हवेत लोंबकळत राहिला की गाडी गेलीच. साधी घेतली आणि आजवर पस्तावलो नाही. पावणेसहा फुटांच्या वर असाल तर तुमचा हिशेब वेगळा निघेल.

पाखाडी म्हणजे काय हे बाहेरच्यांना सांगायला हवं. वाडीतून खाली नदीकडे किंवा देवळाकडे उतरणारी जांभ्याच्या चिऱ्यांची पायरीवाट, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. उन्हाळ्यात चिऱ्याला सुरेख पकड असते. जुलैत त्याच चिऱ्यावर हिरवं-काळं शेवाळ धरतं. तिथे पुढचा ब्रेक नुसता बोटाने चाचपला तरी चाक बाजूला सरकतं. मी तीन वेळा पडलो, तिन्ही वेळा उतारावर, तिन्ही वेळा पुढच्या ब्रेकमुळे. आता पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, इंजिनच्या जोरावरच खाली यायचं. मागचा ब्रेक पायाच्या अंगठ्याने जेमतेम. या गाडीला एबीएस, म्हणजे ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, फक्त पुढच्या चाकाला आहे. त्याचे तीन मोड आहेत आणि रॅली मोडमध्ये ते बंद होतं. ओल्या पाखाडीवर मी ऑफ-रोड मोड ठेवतो, सुक्या धुरळ्यात रॅली.

टायरबद्दल सर्वांत जास्त बोलायचंय, कारण माझे पहिले चार महिने तिथेच वाया गेले. गाडीसोबत येणारे टायर डांबर आणि कच्चा रस्ता दोन्ही सांभाळणारे असतात. लाल चिखलाने त्यांच्या खाचा भरल्या की टायर गुळगुळीत गोळा होतो. चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरतं आणि तुम्ही इंजिनला दोष देता. मीही दिला. मग मोठ्या गुठळ्यांचे नॉबी टायर टाकले आणि मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) दोन दातांनी मोठं केलं. जो चढ तीन-तीन वेळा धावत येऊन चढायचो तो चालण्याच्या वेगात चढायला लागलो. हायवेला टायर घूंऽ करतात, ओल्या डांबरावर वळणात जपावं लागतं, झिजतातही लवकर. ही किंमत मी आनंदाने देतो.

हवेचंही तसंच. चिखलासाठी १६ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरून पकडतो. पण याला ट्यूब आहे आणि जांभ्याची धार सुरीसारखी. एकदा १२ वर उतरवली आणि चिऱ्याच्या कडेवर रिम आपटली. ट्यूबला सापाने चावल्यासारखी दोन भोकं आणि रिमला कायमचा बाक. सगळी चूक माझी. आता १६च्या खाली जात नाही, आणि मागच्या चाकाला रिम-लॉक (टायर रिमवर घसरू न देणारी पकड) बसवलाय.

२०२४ च्या जुलैत पऱ्यात गाडी बुडवली तो प्रसंग सविस्तर सांगतो, कुणाचं तरी इंजिन वाचेल. पाणी गुडघ्याएवढं, तळाला गोल गोटे. मधोमध पुढचं चाक गोट्यावरून घसरलं आणि गाडी डाव्या अंगावर झोपली. इंजिन चालूच होतं, एअर फिल्टरच्या तोंडातून पाणी ओढलं आणि ठक्कन बंद. माझं बोट लगेच स्टार्टरवर. काठावर कुर्ल्या (खेकडे) धरत बसलेले एक आजोबा ओरडले, "अरे, बटन मारू नको! आधी वर काढ तिला." त्यांनी मागून धरलं, मी हँडल धरलं, दोघांनी मिळून काठावर घेतली. एकट्याच्याने त्या पाण्यात जमलं नसतं, १६० किलो म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो. प्लग काढला, इंधन-इंजेक्टरची तार सोडली, मग स्टार्टर मारला. प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली. फिल्टर पिळला, प्लग पुसून बसवला आणि पाऊण तासाने गाडी सुरू झाली. ऑइल मात्र दुधाच्या चहासारखं झालं होतं. ते दोनदा बदलावं लागलं. तेव्हापासून प्लगचा पाना पाठीवरच्या पिशवीतच असतो, आणि अनोळखी पऱ्या आधी पायी ओलांडून बघतो.

आता शर्यतीचं. पावसानंतर, काजूला मोहोर येण्याआधी, आम्ही आठ-दहा जण एका ओळखीच्या बागेत मालकाच्या परवानगीने दीड किलोमीटरचा फेरा आखतो. तासाभराची शर्यत. तिथे एका मित्राने पिकअपमधून आणलेली २५० सीसी टू-स्ट्रोक एंड्युरो मी दोन फेरे चालवली. झाडांमधून ती नुसत्या कमरेच्या झोक्याने वळते. ओंडका आला की क्लचचा एक झटका आणि पुढचं चाक वर. माझ्या गाडीला तिथे आधीपासून तयारी करावी लागते, आणि अर्ध्या तासात दंड भरून येतात. शर्यत हेच ध्येय असेल तर एक्सपल्स तुम्हाला शिकवेल, पण पहिल्या ओळीत नेणार नाही. मात्र त्या मित्राला टाकीत ऑइल मिसळावं लागतं, पिस्टनचा हिशेब तासांवर ठेवावा लागतो, आणि सोमवारी तो ऑफिसला दुसऱ्याच गाडीने जातो. मी याच गाडीने जातो.

देखभाल: लाल चिखल ब्रेक पॅडला कानशीसारखा घासतो. एका पावसाळ्यात पुढचे-मागचे दोन्ही गेले. चेन दर रानफेरीनंतर धुऊन तेल. आरे-वारेच्या समुद्राकाठी फिरून आलं की त्याच रात्री गोड्या पाण्याने धुवायची. मी दोन रविवार आळस केला आणि तारांच्या टोकांवर गंज चढला. तालुक्याच्या एका गॅरेजात ऑइलचा बोल्ट इतका आवळला की आटा गेला. तेव्हापासून ऑइल मी घरीच बदलतो. टॉर्क पाना (बोल्ट किती आवळला ते दाखवणारा) घ्या, पैसे वसूल होतात.

कुठे जायचं नाही हेही लिहितो. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द आमच्या डोक्यावरच आहे, तिथे गाडी घालायची नाही. आणि सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, विशेषतः राजापूर-रत्नागिरीकडे, मोकळा कातळ दिसला म्हणून सुसाट सुटू नका. पायाखाली कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली प्राचीन चित्रं, असू शकतात. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलीत, पण बऱ्याच ठिकाणी ना कुंपण ना पाटी. मातीने अर्धवट झाकलेली रेघ हेल्मेटमधून दिसत नाही. मी सड्यावर मळलेली गाडीवाट सोडत नाही.

दिवाळीनंतरच्या शर्यतीसाठी मागचं कॅरियर आणि सीटची पकडदांडी काढून ठेवलीय. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दोन्ही मिळून पावणेतीन किलो भरली.