स्टीम डेक आणि सोनीचा जुना एचएमझेड-टी१ : काही महिन्यांच्या वापरानंतर

सोनीने २०११ साली काढलेला एचएमझेड-टी१ हा डोक्यावर घालायचा पडदा आहे, व्हीआर (आभासी जगाचा) हेडसेट नाही. डोकं वळवलं की चित्र वळत नाही, त्यात ट्रॅकिंगच नाही. दोन डोळ्यांसमोर ०.७ इंची दोन ओएलईडी पॅनल, प्रत्येकी १२८० बाय ७२० पिक्सेलचं (म्हणजे ७२०पी), आणि एचडीएमआयने आत येईल ते दाखवणं एवढंच त्याचं काम. टीव्ही म्हणून तो केव्हाच मागे पडला, कारण ७२०पी आता कुणाला चालत नाही. पण स्टीम डेक या हातात धरून खेळायच्या गेमिंग संगणकासाठी नेमकं हेच रिझोल्युशन हवं असतं. डेकची स्वतःची स्क्रीन १२८० बाय ८००, आणि त्यातला जीपीयू (चित्र तयार करणारी चिप) तेवढ्याच पिक्सेलसाठी बेतलेला. डेक १०८०पी टीव्हीला जोडला की जड गेम धापा टाकतात. इथे उलट पिक्सेल दहा टक्के कमी होतात आणि फ्रेमरेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) जरासा सुधारतो.

चित्र किती मोठं? सोनी सांगते २० मीटरवर ७५० इंच. या आकड्यापेक्षा कोन पाहावा. आडवं दृश्यक्षेत्र सुमारे ४५ अंश आहे. डेक हातात ४० सेंटीमीटरवर धरला तर त्याची स्क्रीन २१ अंशांच्या आसपास भरते, म्हणजे चित्र दुपटीहून रुंद. आणि ४५ अंशांत १२८० पिक्सेल, म्हणजे अंशाला साधारण २८. सुरुवातीच्या व्हीआर हेडसेटमध्ये दिसणारी पिक्सेलमधल्या फटींची जाळी इथे त्रास देत नाही. काळा रंग खरोखर काळा दिसतो. गुहा, रात्र, अंतराळ असलेल्या गेममध्ये हा फरक पहिल्याच मिनिटाला कळतो.

जोडणी सोपी आहे, पण तारा बऱ्याच. हेडसेटसोबत एक प्रोसेसर बॉक्स येतो आणि त्याला भिंतीतली वीज लागते. डेकला यूएसबी-सी हब लावायचा, त्यात एचडीएमआय आणि चार्जिंग पास-थ्रू (हबमधूनच डेक चार्ज करायची सोय) दोन्ही हवेत. हबमधून एचडीएमआय केबल बॉक्सच्या इनपुटला, आणि डेकचा ४५ वॅटचा चार्जर हबला. महागडा हब घेऊ नका. ७२०पी ६० हर्ट्झला फार बँडविड्थ लागत नाही, त्यामुळे ४के ३० हर्ट्झवाला जुना हबही पुरतो. आधी बॉक्स आणि हेडसेट चालू करायचे, मग डेकमध्ये यूएसबी-सी खोचायची. तरीही स्क्रीन काळी राहिली तर यूएसबी-सी काढून परत लावली की बहुतेक वेळा चित्र येतं. सेट जपानहून आलेला असेल तर बॉक्सवर छापलेला व्होल्टेज वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टला लावू नका. फक्त १०० लिहिलेलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेलच.

खरी अडचण सेटिंगमध्ये आहे, आणि 'चित्र पुसट आहे' म्हणून हेडसेट विकून टाकणारे बहुधा इथेच अडकतात. एचएमझेड १०८०पी सिग्नलही स्वीकारतो आणि आत लहान करून दाखवतो. डेकने आपणहून १०८०पी निवडलं, वर गेम मात्र सवयीने १२८० बाय ८०० वर चालू झाला, की चित्र आधी फुगवलं जातं आणि मग आकसवलं जातं. शेवटी पॅनलवर ११५२ बाय ७२० एवढाच भाग उरतो, दोन्ही बाजूंना ६४ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या, आणि बारीक अक्षरं चिखलासारखी. उपाय असा: डेकच्या सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली बाहेरच्या स्क्रीनचं रिझोल्युशन १२८० बाय ७२० करा. मग गेमच्या पानावरच्या दातेरी चाकाच्या चिन्हातून प्रॉपर्टीज उघडा आणि गेम रिझोल्युशनही तेच ठेवा. गेमच्या आतल्या मेन्यूतही तेच निवडा. ही तिन्ही जुळली की प्रत्येक पिक्सेल जागच्या जागी बसतो. हेच रिझोल्युशन आतल्या स्क्रीनलाही लावण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर डेक हातात घेऊन खेळताना वर-खाली पट्ट्या दिसतील.

दुसरी गोष्ट फ्रेमरेटची. एलसीडी डेकच्या स्वतःच्या स्क्रीनवर ४० हर्ट्झला (स्क्रीन सेकंदाला ४० वेळा बदलते) ४० फ्रेम ही सोय फार चांगली आहे. हेडसेट मात्र ६० हर्ट्झवरच चालतो. तिथे ४० ची मर्यादा ठेवली तर एक फ्रेम एकदा आणि पुढची दोनदा दिसते, आणि कॅमेरा फिरवताना चित्र अडखळतं. मोठ्या चित्रात हे जास्तच खुपतं. त्यामुळे ६० किंवा सरळ ३०, मधलं काही नको.

आवाज एचडीएमआयमधून हेडसेटच्या स्वतःच्या हेडफोनला जातो. आला नाही तर डेकच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट बदला.

डोळे झाकलेले असताना बटणं चाचपून ओळखावी लागतात. स्टीम बटण आणि एक्स म्हणजे कीबोर्ड, स्टीम आणि उजवा ट्रॅकपॅड म्हणजे माउस, एवढं पाठ असलं की काम भागतं. हेडसेटच्या खालचे रबरी पडदे काढले तर नाकाच्या बाजूने हातातला डेक दिसतो, आणि लेन्सवर वाफही कमी धरते. कोकणात पावसाळ्यात खेळणाऱ्यांनी ते काढूनच ठेवावेत. प्रकाश आत येतो, पण दिवा मालवला की प्रश्न मिटतो.

वजन ४२० ग्रॅम आणि जवळजवळ सगळं पुढे. मागचे दोन पट्टे एकत्र ठेवले तर सगळा भार नाकावर येतो. एक पट्टा डोक्याच्या वरच्या उतारावर आणि दुसरा मानेच्या खळगीजवळ असे फाकवले, की भार कपाळाच्या पॅडवर जातो. पॅडवर एक सेंटीमीटर जाडीचा मऊ फोम चिकटवला तर तासभर आरामात बसता येतं, त्यापुढे कपाळ दुखतंच. लेन्समधलं अंतर खालच्या सरकपट्टीने जुळवायचं. त्यासाठी गेमचं चित्र नको, मेन्यूतली अक्षरं समोर ठेवा आणि चारही कोपरे वाचता येईपर्यंत सरकवा. चष्मा आत मावतो, पण घट्ट बसतो आणि काचेवर चरे पडण्याची भीती असते. पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तो देऊ नये असं सोनीच सांगते.

या यंत्राची खरी ताकद थ्रीडी आहे. प्रत्येक डोळ्याला वेगळं पॅनल असल्यामुळे एका डोळ्याचं चित्र दुसऱ्यात अजिबात झिरपत नाही. थ्रीडी टीव्हींना हे कधीच नीट जमलं नाही. डेकवर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे डॉल्फिन एम्युलेटर (निन्टेंडोच्या गेमक्यूब आणि वी यंत्रांचे गेम चालवणारा प्रोग्रॅम). डेस्कटॉप मोडमध्ये डिस्कव्हर या अ‍ॅप-दुकानातून तो घ्या, ग्राफिक्सच्या एन्हान्समेंट्समध्ये स्टिरिओस्कोपी साइड-बाय-साइड (दोन्ही डोळ्यांची चित्रं शेजारी शेजारी) करा आणि हेडसेटच्या मेन्यूत थ्रीडीचा प्रकारही तोच निवडा. डेप्थ (चित्राची खोली) अगदी कमीपासून वाढवत न्या. एकदम वाढवली की डोळे ताणतात आणि जवळच्या वस्तू दोन दोन दिसतात. साइड-बाय-साइडमध्ये प्रत्येक डोळ्याला आडवे ६४० पिक्सेलच मिळतात, म्हणून भरपूर मजकूर असलेले गेम टूडीतच खेळा.

जुना सेट घेताना हेडसेटची केबल जिथून बाहेर येते तिथे हलवून पाहा, चित्र लुकलुकलं तर घेऊ नका. एकरंगी राखाडी चित्र लावून कायमचे डाग तपासा. ओएलईडीवर जुन्या मेन्यूच्या खुणा उमटलेल्या असू शकतात. कपाळाजवळचा सेन्सर धड नसेल तर घातलेला असतानाही स्क्रीन बंद पडते. आणि हेडसेट खिडकीत लेन्स वर करून ठेवू नका. लेन्समधून ऊन थेट पॅनलवर एकवटतं, आणि एकदा जळलेला ठिपका परत जात नाही.