रेड डॉट, मॅग्निफायर की एक-ते-सहा स्कोप: चष्मा लावणाऱ्या नेमबाजाने काय घ्यावे

ह्यूस्टनजवळच्या एका सार्वजनिक रेंजवर मी गेली सहा वर्षे एकच रायफल चालवतो आहे. ती 5.56 मिलिमीटरची, 16 इंची नळीची एआर-15 आहे. रायफल तीच राहिली, पण तिच्यावर नेम धरण्यासाठी बसवलेली साधने या काळात दोनदा बदलली. आधी नुसता रेड डॉट, म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारे साधन होते, मग त्याच्या मागे तीनपट मोठे दाखवणारा मॅग्निफायर आला, आणि गेली दोन वर्षे एकपट ते सहापट फिरवता येणारा स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण आहे. इथे नव्याने नेमबाजीकडे वळणारे मराठी मित्र मला यांपैकी कोणते घ्यावे असे विचारतात, तेव्हा मी प्रथम त्यांच्या चष्म्याचा नंबर विचारतो. माझे वय 47 आहे, दोन्ही डोळ्यांना सिलिंड्रिकल नंबर (बुबुळाच्या वाकडेपणाचा) आहे आणि चाळिशीही लागली आहे. माझे सगळे निर्णय शेवटी या तीन गोष्टींवरच ठरले.

रेड डॉटची रचना साधी आहे. एक बारीक एलईडी पुढच्या वक्र काचेवर प्रकाश टाकतो, काचेवरचा लेप तेवढाच लाल प्रकाश डोळ्याकडे परतवतो आणि बाकीचे दृश्य आरपार येऊ देतो. परतणारे किरण समांतर असल्यामुळे ठिपका जणू लक्ष्याइतकाच दूर आहे असे डोळ्याला वाटते. साध्या बंदुकीत नळीच्या टोकावरची माशी (नेमाचा उंचवटा), तिच्यामागची खाच आणि दूरचे लक्ष्य या तिन्हींवर आळीपाळीने नजर रोखण्याचा त्रास त्यामुळे संपतो, आणि चाळिशी लागलेल्या डोळ्याला हे फार मोठे सुख आहे. डोके नेमके एकाच जागी ठेवण्याची सक्तीही राहत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवावेत, ठिपका लक्ष्यावर आला की चाप ओढावा, इतकेच काम उरते. स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने 1975 साली असे पहिले इलेक्ट्रॉनिक साधन बाजारात आणले. त्याच कंपनीचा आजचा मायक्रो टी-2 माउंटशिवाय (रायफलीवर बसवण्याच्या पट्ट्याशिवाय) जेमतेम 84 ग्रॅम भरतो आणि एका सीआर2032 बॅटरीवर पाच वर्षांहून अधिक काळ सतत चालू राहू शकतो. सिग सावरचा रोमियो5 त्याच्या कितीतरी कमी किमतीत मिळतो. तो स्थिर ठेवला की आपोआप बंद होतो आणि हलवताच पेटतो. पन्नास यार्डांच्या आत कागदावर किंवा पोलादी पाट्यांवर नेम धरायचा असेल आणि डोळा निर्दोष असेल, तर यापुढे वाचण्याची फारशी गरज नाही. रेड डॉट घ्यावा.

माझा डोळा निर्दोष नव्हता. पहिला रेड डॉट घरी आणून पाहिला, तेव्हा गोल ठिपक्याऐवजी स्वल्पविरामासारखा एक डाग दिसला, आणि त्याला खालच्या बाजूला दोन शेपट्या होत्या. वस्तू सदोष आहे असे समजून मी ती बदलून आणली. दुसरीही तशीच दिसली. मग मोबाइलचा कॅमेरा त्याच काचेमागे धरून फोटो काढला, तर ठिपका स्वच्छ गोल होता. हीच खरी परीक्षा आहे आणि ती दुकानातच दोन मिनिटांत करता येते. कॅमेऱ्याला गोल दिसतो आणि आपल्याला फाटलेला दिसतो, तर दोष आपल्या डोळ्यात आहे. दुसरी खूणही सोपी आहे. साधन हातात धरून पाव फेरा फिरवावे. शेपट्या साधनाबरोबर फिरल्या नाहीत तर त्या आपल्या बुबुळाच्या आहेत. ठिपक्याचा प्रकाश कमी केला की डाग आकसतो. सिलिंडरसह नीट नंबर काढलेला चष्मा लावला की तो बराच सुधारतो. परंतु रायफलच्या दस्त्यावर गाल टेकल्यावर आपण चष्म्याच्या मध्यातून न पाहता वरच्या कोपऱ्यातून पाहतो, आणि तिथे काचेची दुरुस्ती तितकी अचूक नसते.

कोल्हापुरात कॉलेजच्या दिवसांत मी दहा मीटर एअर रायफल चालवत असे. त्या रायफलीला भिंग नसते. मागे एक बारीक छिद्र आणि पुढे एक कडी, एवढ्यावर अर्ध्या मिलिमीटरच्या, दहा गुणांच्या ठिपक्यावर नेम धरावा लागतो. ऑलिंपिकच्या रायफल प्रकारांत मोठे करून दाखवणारी दुर्बीण चालतच नाही. आमच्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक मिळवले, तेही अशाच छिद्रातून पाहून. त्या दिवसांत सिलिंडर असूनही मला कधी अडचण आली नव्हती, कारण बारीक छिद्र डोळ्यात शिरणाऱ्या किरणांची जाडीच कमी करते आणि बुबुळाच्या वाकडेपणाला फारसा वाव उरत नाही. ही आठवण झाल्यावर मी रेड डॉटमागे एआरची घडीची पीप साइट (बारीक छिद्राची मागची पट्टी) उभी केली आणि तिच्या छिद्रातून ठिपका पाहिला. तो एकदम गोल झाला. ज्यांना नवा खर्च करायचा नाही त्यांनी हा उपाय अवश्य करून पाहावा. त्यात दृश्य थोडे अंधारते आणि रेड डॉटचा मोकळेपणा जातो, पण शंभर यार्डांवरचा माझा पाच गोळ्यांचा गट, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पसारा, त्याच दिवशी आकसला.

मॅग्निफायरकडे मी चुकीच्या अपेक्षेने वळलो. लक्ष्य मोठे दिसले की नेम सुधारेल असे वाटले होते. पण मॅग्निफायर लक्ष्याबरोबर ठिपक्यालाही तितकाच मोठा करतो. 2 एमओएचा (एमओए म्हणजे कोन मोजण्याचे एकक) ठिपका शंभर यार्डांवर सुमारे दोन इंच आणि दोनशेवर सुमारे चार इंच जागा झाकतो, आणि तीनपट करूनही तो तेवढीच जागा झाकतो. माझ्या बाबतीत तर शेपट्याही तीनपट झाल्या. ईओटेकसारख्या होलोग्राफिक साधनात 68 एमओएच्या वर्तुळात 1 एमओएचा बिंदू असतो आणि तो मॅग्निफायरमागे अधिक नेटका दिसतो. मित्राच्या रायफलीवर पाहिला तेव्हा मला तो खरोखर आवडला. त्यासाठी वजन मात्र मोजावे लागते. ईओटेकचे ईएक्सपीएस3 आणि त्यांचाच जी33 मॅग्निफायर हे दोन्ही सुमारे 318 ग्रॅमचे आहेत, म्हणजे जोडी साडेसहाशे ग्रॅमच्या घरात जाते. हलकेपणा हा रेड डॉटचा मुख्य गुण तिथेच संपतो. मॅग्निफायर बाजूला पाडता येतो ही सोय खरी आहे, आणि दूरच्या कागदावर गोळी कुठे लागली हे पाहण्यासाठी तो उपयोगी आहे. तो पाहण्याचे साधन म्हणून घ्यावा; नेम सुधारण्याचे साधन म्हणून घेतला तर माझ्यासारखी निराशा होईल.

आता स्कोप. एकपट ते सहापट स्कोपात नेमाची खूण काचेवर कोरलेली असते, ती परावर्तित ठिपका नसते. मागच्या भिंगाचे कडे फिरवून ती खूण आपल्या नंबराप्रमाणे धारदार करता येते. दुकानात बहुतेक जण हे कडे फिरवतच नाहीत आणि स्कोप धूसर आहे म्हणून परत ठेवतात. आधी कोऱ्या भिंतीकडे किंवा आकाशाकडे रोखून, क्षणभर पाहून डोळा मिटावा, पुन्हा पाहावे, आणि खूण पहिल्या नजरेतच स्पष्ट दिसेपर्यंत कडे फिरवावे. सिलिंडर या कड्याने दुरुस्त होत नाही, त्यासाठी चष्मा लागतोच. तरीही काळी कोरीव रेघ माझ्या डोळ्याला कधी फाटलेली दिसली नाही. बॅटरी संपली तरी खूण जागेवर राहते. त्याच रायफलीतून, त्याच गोळ्यांनी, शंभर यार्डांवर रेड डॉटने माझा गट चार इंचांचा येत असे. सहापटीवर तो दोन इंचांच्या आत आला.

याची किंमत डोळ्याच्या जागेत मोजावी लागते. डोळा मागच्या भिंगापासून साधारण साडेतीन-चार इंचांवर आणि बरोबर मध्यावर हवा, नाहीतर दृश्याच्या कडेला काळी कोर येते. पुढच्या भिंगाच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. 24 मिलिमीटरचे भिंग सहापटीवर 4 मिलिमीटरचा झोत देते, दहापटीवर 2.4 मिलिमीटरचाच. संध्याकाळी डोळ्याची बाहुली याहून अधिक उघडलेली असते, म्हणजे दहापटीवर दृश्य अंधारते आणि डोके किंचित हलले तरी ते निसटते. म्हणून एक-ते-दहाच्या मोहात न पडता एक-ते-सहा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. एकपटीवरही स्कोप म्हणजे रेड डॉट नव्हे. जवळच्या पाट्या भराभर पाडायच्या असतील तर मी आजही रेड डॉटने अधिक वेगवान आहे. व्होर्टेक्स रेझर एक-ते-सहाचा प्रकाशित बिंदू भर उन्हात दिसतो, म्हणून तो फरक कमी होतो. पण तो सुमारे 610 ग्रॅमचा आहे, शिवाय माउंट वेगळा. स्वस्त स्कोपांत हा बिंदू टेक्ससच्या दुपारी हरवतो, हे मी स्वतः पाहिले आहे.

अमेरिकेच्या मरीन कोअरने 2020 साली ट्रिजिकॉनचा एक-ते-आठ स्कोप निवडला, हा दाखला दुकानदार हमखास देतात. सैनिकाला अनोळखी अंतरावर समोर कोण आहे हे ओळखायचे असते, आपल्याला ठाऊक अंतरावरचा कागद भेदायचा असतो, म्हणून त्या दाखल्याने मी प्रभावित होत नाही.

ज्यांना सिलिंडर आहे पण स्कोपाचे वजन नको, त्यांनी एकपट प्रिझम साइट (आत काचेचा प्रिझम असलेले, मोठे न दाखवणारे साधन) जरूर पाहावी. प्रायमरी आर्म्सची मायक्रोप्रिझम आकाराने रेड डॉटइतकीच आहे, खूण कोरलेली आहे आणि मागे डोळ्याप्रमाणे जुळवण्याचे कडेही आहे. डोके ठेवण्याची मोकळीक रेड डॉटपेक्षा कमी मिळते. आज नव्याने सुरुवात केली असती तर मी बहुधा इथूनच केली असती.

सुट्टीत गावी जाताना भाच्यासाठी स्कोप किंवा रेड डॉट बॅगेत टाकण्याचा विचार कोणी करत असेल, तर थांबावे. या दोन्ही वस्तूंवर अमेरिकेचे निर्यात-नियंत्रण आहे आणि भारतातले नियम त्याखेरीज वेगळे आहेत. माझ्या घरात सध्या अशी वाटणी आहे: पत्नीच्या डोळ्यांना सिलिंडर नाही, म्हणून माझा जुना रेड डॉट तिच्या रायफलीवर गेला आणि तिला तो लखलखीत गोल दिसतो, माझ्या रायफलीवर एक-ते-सहा आहे, आणि मॅग्निफायर मी गेल्या हिवाळ्यात विकून टाकला.