जुन्या गाडीचं ॲव्हरेज वाढवून देतो म्हणणाऱ्यांपासून सावध रहा

व्हिंटेज गाडी असलेल्यांनी हे जरूर वाचा. माझ्या मामांकडे १९३० ची फोर्ड मॉडेल ए आहे, झेनिथचा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग). एका माणसाने पेट्रोलची वाफ करून इंजिनला देणारं किट बसवतो, ॲव्हरेज दीडपट होईल असं सांगून त्यांच्याकडून १८,००० रुपये घेतले. बोलायला एकदम गोड, कॅनडातल्या चार्ल्स पोगची गोष्ट सांगितली, त्याने १९३० च्या दशकात असाच कार्बोरेटर बनवला, गॅलनला २०० मैल, मग तेल कंपन्यांनी दाबून टाकला वगैरे. पोग खरंच होता, पेटंटंही आहेत, पण ते २०० मैल कधीच सिद्ध झाले नाहीत, हे त्या माणसाने बरोबर गाळलं.

आता या किटवाल्याची ट्रिक नीट समजून घ्या. या गाडीत डॅशबोर्डखाली चोकचा नॉब असतो, ओढला की चोक (हवा कमी होते), फिरवला की मिक्श्चरमधलं पेट्रोल कमी-जास्त. थंड इंजिन सुरू करताना एक आटा, म्हणजे एक पूर्ण फेरा, उघडायचा आणि गरम झालं की पाव आट्याच्या आसपास आणायचा. डेमोच्या वेळी गाडी तोच चालवत होता. बाटलीत मोजून पेट्रोल घेतलं, किटशिवायच्या फेरीत नॉब पूर्ण आटा उघडा ठेवला म्हणजे गाडी पेट्रोल नुसती पिणार, आणि किट लावल्यावर जवळजवळ बंद. फरक पडणारच ना! मामांना वाटलं किटची कमाल.

नॉब तसाच ठेवा असं सांगून तो माणूस गेला. त्यात आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) मिक्श्चर आणखी लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं. चढावर इंजिन तापायला लागलं, कार्बोरेटरमधून फटफट आवाज, दम नाही, आणि शेवटी एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळाली. लीन चाललेल्या इंजिनचं हे असंच होतं, आणि ९० वर्षं जपलेल्या गाडीचं कुणी असं केलं की फार राग येतो. किट कापून बघितलं तर पितळी नळीत तारेची जाळी, बाकी काही नाही.

मिक्श्चर बघायला कुठलंही किट लागत नाही. इंजिन पूर्ण गरम करा, नॉब हळूहळू बंद करत न्या, अडखळायला लागलं की परत स्मूथ होईपर्यंत उघडा. मग चढावर लोड देऊन चालवा, क्लच दाबून इग्निशन तिथेच बंद, गाडी बाजूला घेऊन प्लग काढा. फिकट तपकिरी असेल तर बरोबर, काळी कोरडी काजळी म्हणजे रिच (पेट्रोल जास्त), पांढराफटक म्हणजे लीन. रिच पण फार ठेवू नका, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकला वास येतो.

आणि कुणी डेमो देतोच म्हणाला तर स्टिअरिंगवर आपला माणूस बसवा आणि नॉबवर खडूने खूण करा, दोन्ही फेऱ्यांत ती हलली नाही पाहिजे. या माणसाचा फोन आता बंद लागतो, पण असली किटं विकणारे अजून फिरतायत. कापलेली नळी आमच्याकडे पुण्यात आहे, कुणाला बघायची असेल तर मेसेज करा.